कंपनीची मॅडम

चि. धाकटीस,

थोरलीचा आशीर्वाद. पोस्टानं येतोय म्हणून पातळ समजू नकोस, घट्ट आहे. तुझं पत्र मिळालं. ओळी वर वर चढत गेल्यात, म्हणजे रागानं लिहिलंयस, म्हणजे तब्येत बरी आहे. कमरेचं काळंनिळं उतरलं का, ते मात्र लिहिलं नाहीस. मलम रोज लाव. हात पोचत नाही तिथं उलथन्याला लावून पाठीवर फिरव (उलथनं नंतर धू). माझं विचारशील तर दात तीन उरलेत, त्यांतले कुठलेही दोन समोरासमोर नाहीत, बाकी सगळं ठीक. मुलगा आणि सून दोघं कामाला जातात, दोघं थकून येतात आणि दोघांना वाटतं की दुसरा जास्त थकल्याचं नाटक करतोय. म्हणजे संसार नीट चाललाय.

आता मुद्द्याचं. न्हाणीघरात घसरलीस, दोन तास कुणाला पत्ता नाही, आणि ते कळल्यापासून तुझी लेक हट्टाला पेटलीय. म्हणते, एकतर घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे राहायला ये, नाहीतर घरात एखादं छोटं कुत्रं ठेव, निदान भुंकून शेजारी तरी गोळा करेल. रविवारी ती उत्तर घ्यायला येणार. लेकीकडे तुला जायचं नाही, ते बरोबरच आहे. ती खोली मी पाहिलीय. खाटेच्या एका बाजूला इस्त्रीचं टेबल, दुसऱ्या बाजूला कुणीच चालवत नाही ती व्यायामाची सायकल, आणि मधे तू. पण कुत्रंही तुला नकोय. तेव्हा चाळीस वर्षं ज्या घराची किल्ली तुझ्या हातात आहे ते सोडायचं, की त्यात केस आणि लाळ येऊ द्यायची, एवढाच प्रश्न. फोन केला असता, पण फोनवर तू ऐकायच्या आधीच हो हो म्हणतेस आणि ठेवल्यावर तुला हवं ते करतेस. कागद परत वाचावा लागतो. मी चार यत्ता शिकलेय, त्यांतली चौथी अर्धीच, तेव्हा जिथं अक्षर लागणार नाही तिथं मी काय म्हटलं असेल ते तुला ठाऊकच आहे.

आमच्याकडे कुत्री कशी आली ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस. आता हस, पण पुढचं वाच.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मुलगा घरी आला तो काखेत काहीतरी पांढरंकरडं घेऊन. मला वाटलं, फरशी पुसायचा नवा बोळा आणलाय. बोळ्यानं डोळे उघडले. मुलगा म्हणाला, आई, तू दिवसभर एकटी असतेस, तुला कंपनी म्हणून आणलीय. आता तूच बघ. त्याच्या कंपनीनं त्याला तोवर काय काय दिलं होतं! मांडीवरचा कॉम्प्युटर दिला, फोन दिला, कानांवर घालायच्या वाट्या दिल्या, कधीकधी घरून काम करतो म्हणून गोल फिरणारी खुर्ची दिली. प्रत्येकावर नंबराची चिकटपट्टी. आई, खुर्चीवर तेलाचा हात लावू नकोस, कंपनीची आहे, हे मी उठता-बसता ऐकत होते. आणि इथं ह्या बाईच्या गळ्यात नंबराचा बिल्ला, बरोबर शिक्के मारलेली फाईल! (ती इंजेक्शनांची होती. पण शिक्का दिसला की मी पुढचं वाचत नाही.) वर सून म्हणाली, अहो आई, हे कंपॅनियन डॉग असतात. मी म्हटलं, कळलं, कंपनीयन. एवढा मोठा कारभार त्यांचा, कामाला जाणाऱ्यांच्या म्हाताऱ्या आयांवर नजर ठेवायला कुत्री वाटत असतील. बाईमाणूस दिसलं म्हणून मी तिला मॅडम म्हणायला लागले, आणि कंपनीकडून आलेली म्हणून अहो-जाहो.

जात विचारलीस म्हणून लिहिते. शित्झू. सून पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मला वाटलं, ही जात नाही, सवय सांगतेय. मॅडमनी त्याच दिवशी नावाला जागून दाखवलं, तेही नव्या जाजमावर, चारही कडांपासून सारख्या अंतरावर. अंगभर केस. रोज विंचरायचे, नाहीतर दोन दिवसांत तिची चटई होते. डोळ्यांत घाण साठते, ती ओल्या कापसानं टिपायची. नाक बसकं, म्हणून उन्हात धापा टाकते आणि झोपेत घोरते. तुझे यजमान घोरायचे तसं नाही, त्यांच्या घोरण्याला निदान मधे थांबे होते. पलंगावर स्वतःला चढता येत नाही आणि खाली ठेवलेलं आवडत नाही. तिचं खाणं तिच्यापुढं ठेवलं की ती माझ्याकडे बघते, मी खायला बसले की माझ्या ताटाकडे बघते, जसं काही अदलाबदल झालीय. आणि दात घासावे लागतात. माझे उरलेले तीन मी मनात आलं तर घासते, तिचे बेचाळीस रोज घासते. केस तर कुठं कुठं निघतील त्याचा नेम नाही. परवा चष्म्याच्या डबीत निघाला. डबी बंद होती.

पण कंपनीची वस्तू. ओरखडा आला तर मुलाच्या पोटावर पाय. म्हणून मी तिला एक शब्द वाकडा बोलले नाही. तू मला ओळखतेस, मी देवाशीही एवढं सांभाळून बोलत नाही. मॅडम, जरा पाय उचलता का, झाडायचंय. मॅडम, ही चप्पल माझी आहे, ही कंपनीची नाही. सून हळूच मुलाला म्हणाली, आईंना किती लळा लागलाय बघ. लळा! मी पोस्टातल्या खिडकीपाशीसुद्धा अशीच बोलते.

आता मुलाच्या ऑफिसात एक मोठ्या बाई आहेत आणि त्यांनाही सगळे मॅडमच म्हणतात, हे मला कुणी सांगितलं होतं? एकदा मुलगा घरूनच काम करत होता. कॉम्प्युटरमध्ये नऊ चौकटी, चौकटीचौकटीत एकेक तोंड. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, अरे, आधी मॅडमना खाली घेऊन जा, दारापाशी गोल गोल फिरतायत, आत्ता इथंच करतील! कालचं पायपुसणं अजून वाळलं नाही! मधल्या चौकटीतल्या बाईंनी म्हणे चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मुलगा बाहेर आला तो कानापर्यंत लाल. म्हणाला, आई, हात जोडतो, तिला दुसरी काहीतरी हाक मार. मला वाटलं, हुद्दा कमी पडला. दोन दिवस मोठ्या मॅडम म्हणत होते.

पुढं मुलानं नोकरी बदलली. (त्या चौकटीमुळं नाही, असं तो म्हणतो. मी विचारलं नव्हतं.) एका रात्री जेवताना सुनेला सांगत होता, गुरुवारी अकरा वाजता कंपनीचा माणूस येईल, कंपनीचं जे जे असेल ते यादीप्रमाणं घेऊन जाईल, मी नसलो तरी आई आहे घरी. मी हातातला घास ताटात परत ठेवला. टेबलाखाली मॅडम माझ्या पावलावर हनुवटी ठेवून घोरत होत्या, त्यांना आपल्या बदलीची काही कल्पना नव्हती.

तू म्हणशील, लळाच तो. लळाबिळा काही नाही. मला अन्याय खपत नाही, एवढंच. आणली तेव्हा जाजम आणि मोरी यांतला फरक कळत नव्हता, आता दाराशी जाऊन एकदाच भुंकते आणि माझी वाट बघते. हे कुणी शिकवलं, कंपनीनं? विंचरलं मी, घासलं मी, आणि तयार झाल्यावर उचलून न्यायची? मग देणार कुणाला, तर दुसऱ्या कुठल्या म्हातारीला, जिला कापूस ओला करायचा असतो हेही ठाऊक नाही! मुलाला काही बोलले नाही. तो सरळमार्गी, स्वतःच्या हातानं यादीवर खूण करून मोकळा झाला असता.

बुधवारी मॅडमना धुण्याच्या टोपलीत घातलं, वर चादर टाकली आणि तळमजल्यावरच्या शिंप्याकडे निघाले. शिंपी भरवशाचा माणूस, तोंडात कायम टाचण्या असतात म्हणून प्रश्न विचारत नाही. लिफ्टमध्ये टोपली भुंकली. दोन बायका माझ्याकडे बघायला लागल्या, तेव्हा मी खोकले. टोपली परत भुंकली, मी परत खोकले. इतकं हुबेहूब जमलं की एकीनं पर्समधून मला गोळी काढून दिली. घरी सांगितलं, केस कापायला दिलीय, दोन दिवस लागतात. दोघांनी माना हलवल्या. थकलेल्या माणसांना काहीही पटतं.

गुरुवारी अकराला माणूस आला. चांगला होता बिचारा, न सांगता बूट दाराशी काढले. तो वाचत गेला, मी देत गेले. कॉम्प्युटर, फोन, वाट्या, खुर्ची. मग त्यानं यादीची घडी घातली. इथं मी गप्प बसायला हवं होतं, पण अर्धवट खोटं मला जमत नाही. उद्या कुणी कंपनीची वही उघडून बघितलं आणि हा परत आला तर? म्हणून डोळे टिपले आणि म्हटलं, "एक राहिलंच. मॅडम गेल्या."

"गेल्या? कुठं?"

"वर."

त्यानं छताकडे बघितलं. "वरच्या मजल्यावर?"

"त्याच्याही वर."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "कधी हो, आजी?"

"आज सकाळी. चहाच्या आधीच."

"अहो, असं कसं? मला इकडं त्यांनीच पाठवलं! साडेनऊला!"

मला वाटलं, माणूस धक्क्यानं बरळतोय. त्याला खुर्चीवर बसवलं (कंपनीच्याच) आणि समजावलं, "बाबा, परवापासून त्या उठतच नव्हत्या. शेवटी शेवटी तर नुसतं दूध चाटत होत्या."

त्यानं फोन काढला. फोनवर म्हणाला, "मॅडम, तुम्ही... आहात ना?" मग दोन मिनिटं नुसतं "हो मॅडम, नाही मॅडम, आजी म्हणतायत मॅडम." शेवटी फोन माझ्या हातात दिला. पलीकडून एका बाईंचा शांत आवाज आला, "आजी, मी जिवंत आहे. आणि मी दूध चाटत नाही."

मी म्हटलं, "बरं झालं." दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी मुलगा दारातूनच ओरडत आला. "अगं आई, कंपनी म्हणजे सोबत! तुला सोबत म्हणून आणली होती मी तिला!"

"मग सोबत म्हणायचं. घरात चांगला शब्द असताना बाहेरून कशाला आणतोस?"

"सोबत म्हटलं असतं तर ठेवून घेतली असतीस?"

धाकटे, जन्मल्यापासून पहिल्यांदा ह्या मुलानं मला बरोबर पकडलं. नसतीच ठेवली. मला सोबत? मी काय अंधाराला घाबरते? बोळ्यासकट त्याला दारातून परत पाठवला असता. कंपनीची म्हटलं म्हणून ठेवली, कारण ते काम होतं, आणि कामाला मी कधी नाही म्हटलेलं नाही. शिंप्याकडे गेले. त्यानं टाचण्या न काढताच टोपलीकडे बोट दाखवलं. मॅडम मला बघून अशा नाचल्या की तीन चोळीखण खाली पडले. मी म्हटलं, चला, तुमची बदली रद्द झाली. आणि त्या दिवसापासून तिला अगं म्हणते आणि दिवसातून चारदा रागावते. तिला फरक कळत नाही.

हे सगळं तुला का लिहिलं? तुझ्या पत्रात मी मोजलं, "मला कुणाची सोबत लागत नाही" हे पाच वेळा आहे, आणि दोनदा खाली रेघ आहे. नाही ना लागत? मग सोबत म्हणून ठेवू नकोस. घंटा म्हणून ठेव. दाराला कडी लागते म्हणून कुणी कमीपणा मानतं का?

तोटे वर लिहिलेत, सगळे खरे आहेत, एकही मागं घेत नाही. आता फायदे ऐक. मांडीवर येऊन झोपते, तेव्हा घरातलं कुणी काही काम सांगितलं तर नुसतं खाली बोट दाखवायचं, उठता येत नाही. वरच्या मजल्यावरचा विमावाला पूर्वी तासभर बसायचा. आता ही त्याच्या मोज्यांकडे एकटक बघत बसते, दहा मिनिटांत तो उठतो. सकाळ-संध्याकाळ खाली न्यावंच लागतं, त्यामुळं ह्या इमारतीत कुणाचं कुणाशी बिनसलंय ते मला आधी कळतं. लोक म्हातारीला बघून रस्ता बदलतात, पण कुत्र्यासाठी खाली वाकतात, आणि वाकलेला माणूस भडाभडा बोलतो. डॉक्टरनं गुडघ्याला चालायला सांगितलं होतं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. आता दिवसातून दोनदा चालते, पण ते डॉक्टरचं ऐकून नाही, हे तू त्याला भेटलीस तर सांग.

आणि एक. हे कुणापाशी बोलू नकोस. मागच्या महिन्यात माळ्यावरचा डबा काढताना मी स्टुलावरून खाली बसले. (पडले नाही. बसले, जरा वेगानं.) घरात कुणी नाही, उठता येईना. ही दाराशी गेली आणि एवढ्याशा छातीतून असा आवाज काढला की शिंपी टाचण्यांसकट तीन मजले चढून आला. माझ्याजवळच्या किल्लीनं नाही, त्याच्याकडे एक दिलेली असते तिनं दार उघडलं. वीस मिनिटांत मी परत चहा करत होते. घरी कुणाला कळलं नाही. कळलं असतं तर माझ्यासाठीही कुणी कुठली तरी खोली रिकामी केली असती. तेव्हा लेकीला सांग, ठेवते कुत्रं. कारण सांगू नकोस. एक किल्ली मात्र शेजारी दे.

तुझी
थोरली

ता. क. दुकानातलं मुळीच आणू नकोस. त्यांचा तोरा फार आणि आवाज काही नाही.

आणखी ता. क. शिंप्याच्या कापणीच्या टेबलाखाली एक तपकिरी, दांडगा, बिनजातीचा कुत्रा झोपतो, हे मला टोपली ठेवताना दिसलं नाही. दोन दिवस मॅडम तिथं होत्या. महिन्याभरानं जनावरांच्या डॉक्टरनं हिच्या पोटाला हात लावला आणि माझं अभिनंदन केलं. तीन पिल्लं झाली. एक शिंप्यानं ठेवलं, जबाबदारी त्याचीही होतीच. एक कंपनीचा तो माणूस येऊन घेऊन गेला, ह्या वेळी माझ्या सहीनं. तिसरं तुझं. मादी आहे, केस आईचे, आवाज बापाचा. भुंकली की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. तुझ्या लेकीला मी काल फोन करून सांगितलंय की तुझ्या आईनं कुत्रं ठेवलंय. ठेवणार आहे असं नाही, ठेवलंय.

शेवटचं ता. क. आणि खरं. सुनेची आई शनिवारपासून महिनाभर इथं राहायला येतेय. बाई स्वभावानं बरी आहे, पण कुत्र्याच्या केसानं तिला शिंका येतात. मला म्हणाले, महिनाभर मॅडमना कुठंतरी ठेवू या. मी म्हटलं, ठेवते, आणि ती जिथं राहील तिथं मीही राहते. तेव्हा पिल्लू, मॅडम आणि मी अशा तिघी शनिवारी दुपारी तुझ्याकडे पोचतो. हे पत्र तुला बुधवारी मिळेल. नको असेल तर उलट टपाली कळव. तुझं पत्र इथं यायला चार दिवस लागतात. रविवारी लेक कुलूप घेऊन आलीच तर तिला म्हणावं, आत आम्ही चौघी आहोत, न्यायचं असेल तर मोठी गाडी आण.